अश्लेषाची लाल पट्टी

गोपालपुरा बायपासला कोचिंग क्लासच्या इमारतींमागे एक गल्ली आहे. तिथे तळघरात अश्लेषाचं दुकान आहे. बाहेर पाटी नाही. होस्टेलची मुलं आणि क्लासवाले यांना जागा माहीत आहे. मरायला टेकलेला जुना कम्प्युटर तिथे न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पळता घेऊन यायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

ती माझ्या मित्राची मुलगी. भगवान आणि मी जयपूरला रेल्वेच्या कॅरेज डेपोत फिटर होतो. दोघेही भुसावळचे. बदलीवर आलो आणि इथेच राहिलो. त्याने रेल्वे कॉलनीमागे घर घेतलं, मी निवृत्त झाल्यावर जयपूरजवळ बस्सीला बांधलं. भगवान आता नाही. त्याची बायको भीमाबाई आहे आणि ही एकुलती एक मुलगी. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "वेळ कुठे होता?"

अश्लेषाबद्दल सांगायचं तर आधी झेंडीबद्दल सांगावं लागेल.

डब्याखाली उतरण्याआधी फिटर गाडीच्या दोन्ही टोकांना लाल झेंडी लावतो. झेंडी आहे तोवर गाडी जागची हलवायची नाही. आणि झेंडी ज्याने लावली त्यानेच काढायची. साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही. खाली कोण आहे, त्याचं काम कुठवर आलंय, हे लावणाऱ्यालाच माहीत असतं.

एकदा भगवान खाली ब्रेकच्या कामाला होता. गाडीला उशीर होत होता. एकाने त्याची झेंडी काढली. गाडी हलली. भगवानच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत लिहिलं गेलं की झेंडी लावलीच नव्हती. लावली होती. मी डोळ्यांनी पाहिली होती आणि तसं सांगितलंही. फिटर फिटरचीच बाजू घेणार, असं म्हणून माझी साक्ष बाजूला ठेवली. ज्याने झेंडी काढली तो बढती घेऊन कोट्याला गेला. भगवान मरेपर्यंत त्याचं नाव आलं की थुंकायचा. अश्लेषा तेव्हा शाळेत होती. बापाच्या शर्टाची बटणं ती लावून द्यायची.

त्या बटणांतून ती जे शिकली ते अजून तिच्यात आहे.

तिचं काम असं. जुन्या कम्प्युटरचं बाकी काही बिघडलेलं नसतं. मंद असते ती त्याची हार्ड डिस्क. आत तबकडी फिरते, तिच्यावर एक काटा पुढेमागे धावतो, आणि मशीन त्याची वाट बघत बसतं. बटण दाबून चहा करून आलं तरी पडदा उजळलेला नसतो. नवीन एसएसडी डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं. ती बसवली आणि विंडोज तिच्यावर टाकली की दहा-बारा वर्षांचं मशीनही झटक्यात उठतं. जुनी डिस्क फोटो आणि फायली ठेवायला बाजूला राहते.

हे काम आता सगळेच करतात. फरक करण्यात आहे. एसएसडी लहान असते, कम्प्युटरच्या जुन्या डब्यातली जागा मोठी. बरेच जण ती दोन बाजूंच्या चिकटपट्टीने डकवून टाकतात. जयपूरच्या मे महिन्यात ती पट्टी वितळते आणि डिस्क वायरला लोंबकळते. अश्लेषा पत्र्याचा सांगाडा लावते आणि चारही स्क्रू आवळते. तीन कधी पाहिले नाहीत. डबा उघडला की आधी धूळ काढते. इकडची धूळ म्हणजे वाळूच असते, एकदा आंधी येऊन गेली की पंख्यात मूठभर निघते. आणि विंडोज टाकण्याआधी ती जुन्या डिस्कची वायर काढून ठेवते. काम पुरं झालं, मशीन नव्या डिस्कवर एकट्याने उठलं, हे बघितल्यावरच जुनी परत जोडते.

उघडलेल्या मशीनच्या बटणावर ती लाल इन्सुलेशन टेप चिकटवते. पट्टी आहे तोवर बटण दाबायचं नाही. पट्टी तीच काढणार. बापाची झेंडी तिने दुकानात आणली. मला हे बघून बरं वाटायचं.

निलय तिचा भागीदार होता. त्याचे वडील आमच्याच रेल्वेत बुकिंग क्लार्क. पोरगा जयपूरला जन्मला, त्यामुळे त्याची मराठी अर्धी हिंदीच. दिसायला नीटनेटका, बोलायला गोड. गिऱ्हाईक अश्लेषापेक्षा त्याच्याशी बोलून खूश व्हायचं. काम मात्र अर्ध्यावर सोडून पळायचा. जुन्या डिस्कची वायर तो कधी काढायचा नाही.

"वायर काढ आधी," ती ओरडायची.

"ताई, चालतंय ना. मतलब, मशीन सुरू होतंय, आणखी काय पाहिजे?"

"आज चालतंय."

"उद्याचं उद्या बघू ना, ताईजी."

दोन वर्षांनी एके दिवशी तो आलाच नाही. मोठ्या रस्त्यावर त्याने काचेच्या दरवाजाचं, एसीचं दुकान उघडलं. अश्लेषाचे नेहमीचे क्लासवाले हळूहळू तिकडे गेले. मी चिडलो होतो. ती चिडली नाही. "धंदा आहे, काका," म्हणाली. "त्याने माझं गिऱ्हाईक नेलं, माझी पट्टी नाही काढली."

पट्टी त्याने पुढे काढली.

कॉलनीमागे आमचं बुद्धविहार आहे. त्याच्या वरच्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका आहे. रेल्वे भरती, बँक भरती, कसल्या कसल्या परीक्षा आता कम्प्युटरवरच असतात, म्हणून मुलं तिथे सरावाला येतात. एका बँकेने आपले जुने कम्प्युटर मोडीत काढले तेव्हा कमिटीने आठ मिळवले. अभ्यासिकेची किल्ली पहिल्या दिवसापासून अश्लेषाकडे होती. सकाळी उघडणं, झाडणं, बंद करणं, सगळं ती आणि भीमाबाई करायच्या. मुलं त्या आठांवरच सराव करायची, पण मशिनं फार मंद होती. देणगीतून आठ एसएसडी आल्या आणि बसवायचं काम अश्लेषाने अंगावर घेतलं. मजुरी नाही.

तीन मशिनं तिने पुरी केली. बाकी पाच उघडून साफ केली, त्यांवर लाल पट्ट्या लावल्या आणि तेवढ्यात भुसावळला भीमाबाईंची बहीण गेली. दोघी तिकडे गेल्या. जाताना अश्लेषाने किल्ली कमिटीचे अध्यक्ष गुलाबराव यांच्याकडे दिली. गुलाबराव म्हणजे निवृत्त ऑफिस सुपरिटेंडेंट. सगळं रीतसर हवं असणारा माणूस. वाईट नाही. पण जो शेवटचा बोलला त्याचं त्यांना पटतं.

त्याच आठवड्यात विहाराची सहल कानोत्याच्या बंधाऱ्यावर गेली होती. मीही होतो. निलय गुलाबरावांच्या शेजारी बसून त्यांच्या ताटात बाटी चुरून देत होता. संध्याकाळी बसमध्ये गुलाबराव मला म्हणाले, "अहो, हा पोरगा म्हणतो पाचही मशिनं एका दिवसात करून देतो. बुद्धपौर्णिमेला उद्घाटनच करून टाकू."

"त्यावर अश्लेषाची पट्टी आहे," मी म्हणालो.

"टेपच आहे ती. काढली की निघाली."

त्यांनी कारकुनी केली होती. गाडीखाली कधी गेले नव्हते.

अश्लेषा परत आली तेव्हा पाचही मशिनं सुरू होती. पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात गोळा होऊन पडल्या होत्या. तिने डब्यातून तो लाल गोळा उचलला, पिशवीत टाकला आणि खाली आली. त्या रविवारी वंदना झाल्यावर सतरंजीवर कमिटीची बैठक बसली. विचारल्याशिवाय पाच पट्ट्या का काढल्या, एवढंच ती विचारणार होती. तिच्याआधी निलय बोलला.

"मी कुणावर इल्जाम नाही लावत, साहेब. मतलब, फक्त विचारतोय. ताईंनी केलेल्या तीन मशीनमधल्या जुन्या डिस्क कुठे आहेत?"

"माझ्या दुकानात," अश्लेषा म्हणाली.

"दुकानात कशा?"

"मुलांच्या फायली आहेत त्यात. दोन डिस्क खराब होत आल्यात. त्यातलं काढून घेतेय. मग परत बसवणार. बैठकीत सांगितलं होतं."

"मला नाही आठवत," गुलाबराव म्हणाले.

"तुम्ही चहात बिस्किट बुडवत होता."

बायका हसल्या. गुलाबराव हसले नाहीत.

निलय खाली बघत म्हणाला, "बाजारात जुन्या डिस्कलाही गिऱ्हाईक असतं, एवढंच म्हणतो मी. सगळ्यांची वस्तू आहे ना. हिसाब नको का?"

कुणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट झालं. भीमाबाई तेवढ्या उठल्या. "माझी पोरगी चोर का रे? तुला हिनं हातात स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकवलं!" त्यांना बायकांनी खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्लेषा तिन्ही डिस्क घेऊन आली. प्रत्येकीवर मशीनचा नंबर लिहिलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. गुलाबरावांच्या पुढ्यात ठेवल्या. ते म्हणाले, "आणल्यास, चांगलं झालं. पण विचारल्यावर आणल्यास. लोकांना काय सांगू? अभ्यासिकेची किल्ली काही दिवस माझ्याकडेच राहू दे."

कॉलनीत हे एका दिवसात पसरलं. दुकानातही कुणी नवीन आलं की डबा उघडताना समोर उभं राहून बघायला लागलं. हात काय करतायत ते बघायला. वीस वर्षं धंदा केला, हे कधी झालं नव्हतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी दुकानात गेलो. ती एक डबा पुसत होती.

"काका, बाबांच्या चौकशीत तुम्ही खरं बोललात ना?"

"बोललो."

"काय झालं त्याचं?"

"बाजूला ठेवलं," मी म्हणालो.

"मी नाही बोलणार," ती म्हणाली. "त्यालाच बोलायला लावणार. सगळ्यांसमोर. ज्या तोंडाने बोलला त्याच तोंडाने."

मग तिने मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. मशीन सुरू झालं की ते आधी एक छोटीशी सूचना शोधतं. विंडोज कुठे ठेवली आहे, कुठून उठवायची, एवढंच त्यात असतं. जुनी डिस्क जोडलेली ठेवून नव्या डिस्कवर विंडोज टाकली, तर विंडोज नव्यावर जाते आणि ती सूचना जुन्यावरच राहते. बाहेरून काही कळत नाही. मशीन पळतं. पण जुनी डिस्क मेली किंवा काढली, की नवी जागेवर असूनही मशीन उठत नाही. नवा ब्रेक बसवायचा आणि हवा जुन्या पाइपातून घ्यायची, तसलं हे काम. म्हणून ती आधी वायर काढते. म्हणून ती ओरडायची.

"किल्लीचं बोलायला वर गेले तेव्हा एक मशीन बघितलं," ती म्हणाली. "जुन्या डिस्कवरच आहे. पाचही तशीच असणार. त्याला माहीतसुद्धा नाही."

"सांग मग गुलाबरावांना."

"सांगितलं तर तो गोड बोलून रात्रीत दुरुस्त करेल. मग मी चोरच राहीन." तिने फडकं झटकलं. "काका, स्क्रू ड्रायव्हर धरता येतो ना अजून?"

पुढच्या रविवारी बैठकीत ती उभी राहिली. आवाज अगदी साधा. "जुन्या डिस्कवरून बोलणं झालं. माझ्यावर आलं ते उद्या दुसऱ्या कुणावर नको. माझ्या तीन तुमच्याकडे आहेतच. बाकी पाच मशीनमधल्याही जुन्या डिस्क काढा आणि आठही कमिटीच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. माझ्या तिन्हीतल्या फायली मी आधीच काढून दिल्यात."

गुलाबरावांचा चेहरा फुलला. असलं रीतसर काही त्यांना फार आवडतं. "निलय, चालेल ना? मशीनला काही होणार नाही ना?"

"नाही, साहेब. नवीवर सगळं आहे. जुन्या तर फालतू पडल्यात."

"सगळं नवीवर आहे ना?" अश्लेषाने विचारलं.

"ताई, मी बसवलंय."

"मग झालं. मी हात लावणार नाही. माझ्या हातावर लोकांचा विश्वास नाही. काका काढतील."

बुद्धपौर्णिमेला सकाळी मी डिस्क काढल्या. निलयने त्याच्या पाचात एसएसडी चिकटपट्टीवर डकवली होती. उन्हाने दोन निसटल्या होत्या. मी तशाच राहू दिल्या. जुन्या डिस्क कपाटात ठेवल्या, गुलाबरावांनी कुलूप लावलं. अश्लेषा बाहेर पायरीवर बसून होती. आत आली नाही.

निलय पांढरा झब्बा घालून आला. पाहुणे यायला भरपूर वेळ होता. अश्लेषाने त्याला पायरीवरच विचारलं, "डिस्क काढल्यात. लावून बघितलंस का एकदा?"

"त्यात काय बघायचं, ताई?"

"तुझी मशिनं आहेत."

"टेन्शन नका घेऊ तुम्ही," तो म्हणाला आणि बॅनर बांधायला गेला. बॅनरवर त्याच्या दुकानाचं नाव होतं. ते सरळ दिसतंय का हे बघायला तो चार वेळा खुर्चीवर चढला आणि उतरला. मशीनचं बटण एकदाही दाबलं नाही. फिटर काम करून उठला की आधी ब्रेक लावून बघतो. जो बघत नाही त्याची मला कधी दया आली नाही.

पाहुणे म्हणजे दिल्लीचे एक निवृत्त रेल्वे अधिकारी. वंदना झाली, भाषणं झाली. गुलाबरावांनी निलयचं कौतुक केलं, एका दिवसात पाच मशिनं म्हणून. अश्लेषाचं नाव घेतलं नाही. खोलीत कूलर घोंघावत होता, मुलं भिंतीला लागून उभी, बायका सतरंजीवर, अश्लेषा दारात. पाहुण्यांनी मशीनच्या लाइनचं मोठं बटण दाबलं. मुलांनी आठही मशिनं एकदम सुरू केली.

तीन झटक्यात उजळली. पाच काळी राहिली. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ आली, की सुरू होण्यासाठी योग्य डिस्क लावा.

"होईल, होईल. एक मिनिट," निलय म्हणाला. त्याने एक मशीन बंद करून लावलं. तीच ओळ. दुसरं लावलं. तीच ओळ. वायर दाबून बघितल्या. टेबलाखाली वाकला तेव्हा झब्ब्याला वाळू लागली.

"काय रे," भीमाबाई सतरंजीवरून म्हणाल्या, "उठत नाहीत का? पौर्णिमेचा उपास धरलाय वाटतं त्यांनी."

हशा पिकला. पाहुणेही हसले. गुलाबराव लाल झाले. "निलय, अरे काय झालं?"

निलय टेबलाखाली गुडघ्यांवर होता. तिथेच तो थांबला. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. त्याच्या तोंडाकडे बघून कळलं की त्याला आठवलं. वायर काढ आधी. त्याने मान वर करून दाराकडे पाहिलं. अश्लेषा त्याच्याकडेच बघत होती.

तो हळूच म्हणाला, "साहेब, जुन्या डिस्क जरा परत लावाव्या लागतील."

"मोठ्याने," अश्लेषा दारातून म्हणाली. "आईला कमी ऐकू येतं."

"जुन्या डिस्क परत लावाव्या लागतील."

"का?" गुलाबराव म्हणाले. "नवीवर सगळं आहे म्हणाला होतास. फालतू पडल्यात म्हणाला होतास."

"थोडं राहिलंय त्यांच्यावर. मतलब, टेक्निकल आहे, साहेब. दुकानातून पेन ड्राइव्ह आणतो, अर्ध्या तासात—"

"आण," अश्लेषा पुढे आली. "अर्ध्या तासात होतं, मला माहीत आहे. पण आधी सांग. माझी तीन जुन्या डिस्कशिवाय कशी उठली?"

"तुम्ही वायर काढून केलंत."

"म्हणजे जुन्या डिस्क मी मशीनमधून काढल्या होत्या ते कामासाठी?"

"हो."

"दुकानात कशाला नेल्या?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. त्याचे वडील पुढच्या रांगेत बसले होते. ते जमिनीकडे बघत होते.

"फायली काढायला."

"तुला हे तेव्हा माहीत होतं?"

"ताई, मला तसं म्हणायचं नव्हतं—"

"माहीत होतं की नव्हतं?"

"होतं."

"आणि बैठकीत काय म्हणालास?"

 पाहुणे आता हसत नव्हते. निलयने म्हटलं, "जुन्या डिस्कला गिऱ्हाईक असतं, असं म्हणालो. ते खोटं बोललो."

गुलाबराव उठले. खिशातून अभ्यासिकेची किल्ली काढली आणि अश्लेषापुढे धरली. रीतसर माणूस, सगळ्यांसमोर दिली. तिने घेतली नाही. पिशवीत हात घालून लाल टेपची नवी गुंडाळी काढली आणि निलयच्या हातात दिली.

"माझी पट्टी तू काढलीस. लाव."

"ताई, पाहुणे बसलेत."

"बसू देत. बाबांच्या चौकशीलाही साहेब बसले होते."

ती टेप हाताने तुटत नाही. त्याने ओढून बघितली, ती ताणली गेली. "दातांनी तोड," ती म्हणाली. त्याने दातांनी तोडली. पांढऱ्या झब्ब्यात, गुडघ्यांवर, एका टेबलाखालून दुसऱ्या टेबलाखाली, पाचही बटणांवर त्याने पट्ट्या लावल्या. एक तिरकी लागली. तिने ती काढून परत लावायला लावली. मग किल्ली घेतली.

मला वाटलं संपलं. तिच्या लेखी ही सुरुवात होती.

गुलाबराव दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आता तू पाच करून टाक, बाई. मुलं खोळंबलीत."

"पट्टी ज्याने लावली तो काढेल," ती म्हणाली. "काम करून काढेल. रविवारी, वंदनेनंतर, सगळे असताना. माझ्यासमोर."

निलयच्या वडिलांनी त्याला पाठवला. पहिल्या रविवारी त्याने पहिलं मशीन केलं. ती खुर्ची टाकून बसली. जुनी डिस्क कपाटात होती, तरी तिने आणवून जोडायला लावली आणि मग विचारलं, "आता आधी काय?"

"वायर काढायची."

"काढ."

त्याने सांगाडा लावला, तीन स्क्रू आवळले. "चौथा?" तो लावला. मशीन एकट्याने उठवून दाखवलं. मग तिने मान हलवली आणि त्याने पट्टी काढली. मुलं दाटीवाटीने बघत होती. दुसऱ्या रविवारी दुसरं झालं. तिसऱ्यात सांगाडा हलत होता. तो खरंच हलत होता. तिने पूर्ण खोलून परत करायला लावलं. पुढच्या रविवारी तेच मशीन तिने पुन्हा खोलायला लावलं. त्या वेळी मी वाकून बघितलं. मला चूक दिसली नाही.

"काय चुकलं यात?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"बाबांना शर्ट घालायला किती वेळ लागायचा, तुम्ही बघितलंय?"

मुलांना इतके आठवडे थोड्या मशिनांवर रांग लावावी लागली. भार्गवी म्हणून एक मुलगी रेल्वे भरतीची तयारी करत होती. तिची सरावाची पाळी रोज उशिरा यायची, एकदा आलीच नाही. ते मला आवडलं नाही. तसं मी अश्लेषाला म्हणालो. तिने दुसऱ्या दिवसापासून भार्गवीला स्वतःच्या दुकानात बसवलं, परीक्षा होईपर्यंत. पण रविवार एकही सोडला नाही.

चौथं मशीन झालं तेव्हा निलयने स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. "ताई, बस झालं. चार केली. मतलब, मी पाया पडू का तुमच्या?"

"पाय नको. पाचवं कर."

"नाही करणार."

"नको करू."

तो गेला. त्याचं दुकान चालतंय. एसी आहे, गिऱ्हाईक आहे. अश्लेषाचंही चालतंय. तिथे आता कुणी हाताकडे बघत उभं राहत नाही. अभ्यासिकेच्या चप्पल काढायच्या जागेतून, दार उघडं असलं की, पहिलं दिसतं ते पाचवं मशीन. त्याच्या बटणावर पट्टी अजून आहे. खिडकीचं ऊन येतं म्हणून लालाची गुलाबी झालीय. भीमाबाई बाकी मशीन पुसतात आणि पट्टीच्या कडेकडेने फडकं फिरवतात. गुलाबरावांनी एकदा म्हटलं, "मीच काढून टाकतो, कसं दिसतं ते." अश्लेषाने विचारलं, "तुम्ही लावली?" 

गेल्या पौर्णिमेला निलय वंदनेला आला होता. सगळे खाली जेवायला गेले तेव्हा तो वर आला, दारात उभा राहिला. मी आणि अश्लेषा आत होतो. त्याने आत येऊन पट्टीवर बोट फिरवलं. अश्लेषाने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि टेबलावर ठेवला. शेजारी चार स्क्रू ठेवले. मग खुर्ची ओढून बसली.

त्याने स्क्रूंकडे पाहिलं. "सगळ्यांसमोरच पाहिजे?"

"माझं नाव सगळ्यांसमोर गेलं होतं," ती म्हणाली. "बोलावू का सगळ्यांना?"

तो चप्पल घालून खाली गेला. तिने स्क्रू परत पिशवीत ठेवले. दर रविवारी ती ते घेऊन येते.